विश्लेषण : लहान मुलांच्या किडनीतील गाठ बरी होते, मग उपचार अर्ध्यावर का सुटतात?

आंघोळ घालताना आईच्या हाताला मुलाच्या पोटात एका बाजूला टणक गोळा लागतो. मूल खेळते आहे, पोट दुखत नाही, तापही नाही. ‘जंत झाले असतील’ म्हणून औषध दिले जाते आणि दोन-तीन आठवडे असेच जातात. हा गोळा किडनीतील कर्करोगाचा असू शकतो. योग्य उपचार मिळाल्यास बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असलेल्या बालकर्करोगांत त्याची गणना होते. तरीही साधने तोकडी असलेल्या भागांत ही मुले दगावतात. मराठवाड्यातील मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरात काय करता येईल, याचा विचार म्हणूनच आवश्यक आहे.

विल्म्स ट्यूमर म्हणजे काय?

लहान मुलांच्या किडनीत होणारा हा सर्वात जास्त आढळणारा कर्करोग. जर्मन शल्यविशारद मॅक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, म्हणून त्यांचे नाव या आजाराला मिळाले. साधारण दहा हजार मुलांमागे एकाला तो होतो. बाधित मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली असतात. गर्भावस्थेत किडनी घडवणाऱ्या काही पेशी जन्मानंतरही अपरिपक्व राहतात आणि त्यांतून ही गाठ वाढते. आईने गरोदरपणात काय खाल्ले, कोणती चूक केली, याच्याशी तिचा संबंध नाही. शंभरातल्या पाच ते दहा मुलांना दोन्ही किडन्यांत गाठ असते. आजार पसरलाच तर बहुधा आधी फुप्फुसांत जातो.

गाठ लक्षात कशी येते?

पोटात एका बाजूला न दुखणारा गोळा हे मुख्य लक्षण. काहींच्या लघवीतून रक्त जाते, काहींना ताप येतो, काहींचा रक्तदाब वाढतो. मात्र लहान मुलांचा रक्तदाब सहसा कोणी मोजत नाही. पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे या दोन साध्या तपासण्यांतून बरेच कळते. त्या तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकतात. पुढे सीटी स्कॅनची गरज लागते.

दोन गोष्टी टाळायला हव्यात. ‘बघू किती मोठी आहे’ म्हणून गाठ पुन्हा पुन्हा दाबू नये, कारण ती आत फुटली तर कर्करोगाच्या पेशी पोटभर पसरतात. आणि घाईने पोट उघडून गाठीचा तुकडा काढू नये, कारण त्यातही तोच धोका असतो.

वजनकाटा का फसवतो?

अंगणवाडीत मुलाचे वजन नियमित होते. पण बारा किलोच्या मुलाच्या पोटात एक किलोची गाठ असेल, तर काट्यावरचा आकडा ठीक दिसतो आणि मूल मात्र आतून खंगत जाते. अशा मुलाचे कुपोषण दंडाचा घेर मोजल्यावरच उघडे पडते. दंड मोजण्याची पट्टी अंगणवाडीसाठी नवीन नाही. हातपाय काटकुळे आणि पोट एका बाजूने फुगलेले दिसले, तर ते ‘खातेपिते’ मूल समजू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरमधून झाली. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. त्या तपासणीत पोटावरून एकदा हलका हात फिरवला जावा, एवढी सवय लागली तरी काही मुलांचे कित्येक आठवडे वाचतील.

उपचार कसे होतात?

औषधे, शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे रेडिएशन असे तीन टप्पे. मुख्य औषधे तीन : व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी आणि डॉक्सोरुबिसिन. पहिले औषध सदाफुलीच्या झाडातून मिळते. अंगणात सदाफुली आहे म्हणून तिचा रस किंवा काढा देणे मात्र घातक ठरू शकते. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते आणि ते केवळ शिरेतूनच द्यावे लागते. दुसरे औषध मातीतल्या जिवाणूंपासून मिळाले. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये ते सापडले आणि पुढच्या दशकात बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते या गाठीवर वापरले. ही औषधे जुनी, पेटंटमुक्त आणि कर्करोगाच्या नव्या औषधांच्या मानाने स्वस्त आहेत. त्यांच्या जोरावर श्रीमंत देशांत आज शंभरातील सुमारे नव्वद मुले वाचतात.

उत्तर अमेरिकेत बहुधा आधी शस्त्रक्रिया करतात. युरोपीय पद्धतीत सहा महिन्यांवरील मुलांना आधी औषधे देतात. गाठ एकाच ठिकाणी असेल तर चार आठवडे दोन औषधे, पसरली असेल तर सहा आठवडे तीन औषधे आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. पुढचे उपचार काही आठवड्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत चालतात.

साधने कमी असतील तर कोणती पद्धत?

दुसरी पद्धत अशा ठिकाणी अधिक सोयीची पडते. आपल्याकडे मुले उशिरा येतात आणि गाठ मोठी असते. आधी औषधे दिल्याने ती आक्रसते, शस्त्रक्रियेत फुटण्याचा धोका कमी होतो. शिवाय मुलाला पोटभर पौष्टिक खाऊ घालायला महिनाभराचा अवधी मिळतो. कुपोषित मुलाला पूर्ण मात्रा झेपत नाही. ती सुरुवातीला कमी करावी लागते. तसे न केल्यास आजाराऐवजी औषधानेच मूल दगावू शकते.

शस्त्रक्रिया मात्र अनुभवी हातांनीच व्हायला हवी. किडनीसोबत आसपासच्या लसिका ग्रंथींचे नमुने घ्यावे लागतात. ते घेतले नाहीत तर आजाराचा टप्पा नीट ठरत नाही. त्यानंतर पॅथॉलॉजीचा अहवाल लवकर हवा, कारण रेडिएशन लागणार की नाही हे त्यावर अवलंबून असते आणि लागणार असेल तर ते लांबवून चालत नाही. बालशल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एका कागदावर आले, तरच साखळी पूर्ण होते. या समन्वयाला महागडे यंत्र लागत नाही.

मग मूल हातचे का जाते?

औषध लागू पडते, गाठ आक्रसते, मूल खेळू लागते. घरच्यांना वाटते, बरे झाले. ‘पोट तर उतरलं, आता ऑपरेशन कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर वेळेवर मिळाले नाही तर कुटुंब परत येत नाही. काही महिन्यांनी येते तेव्हा आजार फुप्फुसांत पोहोचलेला असतो. ‘एका किडनीवर पोर जगेल का?’ ही दुसरी भीती. निरोगी एक किडनी आयुष्यभर पुरते. रक्तदाब आणि लघवी अधूनमधून तपासत राहावे लागते आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नसतात, एवढेच. मुलीच्या बाबतीत या भीतीला लग्नाची काळजी जोडली जाते. हा आजार मुलांना आणि मुलींना जवळपास सारखाच होतो, पण भारतातील रुग्णालयांत कर्करोगाच्या उपचारांसाठी मुली कमी आणल्या जातात, असे अभ्यासांत दिसले आहे.

तिसरे कारण पोटापाण्याचे. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना भागातून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयत्याची उचल आधीच घेतलेली असते. दर आठवड्याच्या इंजेक्शनचे वेळापत्रक आणि तोडणीचा हंगाम एकमेकांना छेदतात. अशा वेळी आई-बापाला बेजबाबदार ठरवणे सोपे आहे, पण त्याने मूल वाचत नाही.

पैसा कोण देते?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन येतात. योजनेचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ते राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. दाखल रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडेही पॅकेजमध्ये धरलेले असते. पण महिनोन्‌महिने खेपा घालताना बुडणारी मजुरी, सोबतच्या माणसाचे जेवण, शहरात डोके टेकायला जागा, घरी ठेवलेली दुसरी भावंडे, हा हिशेब कोणत्याच पॅकेजमध्ये बसत नाही. उपचार मोफत झाले तरी परवडत नाहीत, ते यामुळे.

इतरांनी काय केले?

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एके काळी सुमारे पाचातले एक बालरुग्ण उपचार नाकारत किंवा अर्ध्यावर सोडत. निवास, अन्न, आर्थिक मदत, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाचा पाठपुरावा यांची सांगड घातल्यावर हे प्रमाण खूप खाली आले. आफ्रिकेत मलावी, घाना, कॅमेरूनसारख्या देशांतील रुग्णालयांनी २०१४ पासून या एकाच गाठीसाठी समान उपचारपद्धती ठरवली आणि कुटुंबांना प्रवासखर्च व औषधांसाठी मदत दिली. तिथे उपचार सोडणारे आणि उपचारादरम्यान दगावणारे, दोन्ही कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुरू केलेल्या बालकर्करोग मोहिमेत ज्या सहा आजारांवर भर दिला, त्यांत विल्म्स ट्यूमर आहे. २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचावीत, हे तिचे उद्दिष्ट.

छत्रपती संभाजीनगरने काय करावे?

या शहरात घाटी रुग्णालय आहे. २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. मराठवाड्यातील गरीब कुटुंबाची वाट याच शहराकडे येते. अशा ठिकाणी पुढची गुंतवणूक केवळ यंत्रांत होऊ नये. कर्करोगाच्या प्रत्येक बालरुग्णाची एक नोंदवही असावी आणि ठरलेल्या तारखेला मूल आले नाही, तर दुसऱ्याच दिवशी फोन जावा. फोन लागला नाही, तर गावच्या आशा कार्यकर्तीला निरोप जावा. हे काम कोणाच्या तरी फावल्या वेळेवर न सोडता त्यासाठी एक माणूस नेमावा. कुटुंबाला निवारा आणि जेवण मिळावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला कारखान्याजवळच्या योजनेतील रुग्णालयात मधली इंजेक्शने घेता यावीत, असे कागद सोबत द्यावेत. केमोथेरपी चालू असताना ताप आला तर तापाच्या औषधावर न थांबता तातडीने कुठे जायचे, हे मराठीत छापलेले कार्ड आईच्या हाती असावे.

किती रुग्ण आले, याचे आकडे प्रत्येक रुग्णालय देते. किती मुलांचे उपचार पूर्ण झाले, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हायला हवा. या गाठीवरचे औषध जगाला अनेक दशकांपूर्वी मिळाले आहे. ते मिळूनही एखादे मूल अर्ध्यावर हरवत असेल, तर तो दोष नशिबाचा नसून न केलेल्या पाठपुराव्याचा आहे.