कासवीची नजर

कासवी पिलांना दूध पाजत नाही. दूर राहून ती नुसती त्यांच्याकडे बघते आणि त्या नजरेवरच पिलं वाढतात, असं माझी आजी सांगायची. संतवाङ्मयातही हा दृष्टान्त येतो. बँकेतली छत्तीस वर्षं आकड्यांत गेली, तरी या गोष्टीवर शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर एका मार्चमध्ये नातीला घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो. सकाळी कुंपणातल्या एका खड्ड्यावरची टोपली उचलली, तर खाली काळपट पिलं वळवळत होती. नातीनं विचारलं, "आजोबा, यांची आई कुठाय?"

आई केव्हाच निघून गेली होती. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून ती अंगानं चोपते आणि समुद्रात परतते. पिलांची आणि तिची गाठ पडत नाही. आजीची गोष्ट तिथं संपली.

आईचं काम वाळू करते. दीड-दोन महिने ती अंडी उबवते. एवढंच नव्हे, पिलू नर की मादी हेही तिची ऊबच ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. उन्हाळे असेच तापत गेले तर एक दिवस नरांचाच तुटवडा पडेल, ही भीती म्हणूनच आहे.

वेळासला पूर्वी ही अंडी चोरून नेली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. घातलेली अंडी उशीर न करता, त्यांची वरची बाजू वरच ठेवून, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवायची, अशी ही पद्धत. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले, गावाला चार पैसे मिळू लागले. हे सगळं चांगलंच झालं.

पण मला खटकतं ते वेगळंच. 'यंदा इतकी पिलं सोडली' अशी बातमी दरवर्षी येते आणि आपण टाळ्या वाजवतो. बँकेत मार्चअखेर आम्हीही ठेवींच्या आकड्यांवर असेच खूश व्हायचो. ठेवीची खरी परीक्षा मुदत भरल्यावर होते. हजार पिलांतून एखादंच मोठं होतं, असा अंदाज सांगतात. ते वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यानंतर मादी बहुधा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच अंडी घालायला येते. तेव्हा तिच्यासाठी आपण काय राखून ठेवलेलं असेल?

दगडी बंधारा असेल, तर तिला कोरड्या वाळूपर्यंत चढताच येणार नाही. रिसॉर्टचे दिवे झगमगत असतील, तर पिलं समुद्र सोडून दिव्यांकडे जातील. कारण पाण्यावरचा उजेड हीच त्यांची वाट. शिवाय हे खातं एका गावाचं नाही. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली! कोण कुठल्या किनाऱ्याच्या भरवशावर आहे, हे आपण काय सांगणार?

म्हणून मला वाटतं, पिलं मोजण्याइतक्याच काळजीनं किनारेही मोजावेत. अंडी घालण्याच्या हंगामात समुद्राकडचे दिवे रात्री मालवावेत, वाळूत गाड्या घालू नयेत. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार नुकसानभरपाई देतं, ती त्याच्या हातात वेळेवर पडावी. यातलं काहीच अवघड नाही. फक्त ते दहा-पंधरा वर्षं न चुकता करावं लागेल आणि आपली अडचण नेमकी तिथंच आहे.

सोडलेलं पिलू लाटेत दिसेनासं झालं, तरी नात बघतच राहिली. आजीची गोष्ट तेव्हा मला पुन्हा आठवली. नजरेवर वाढतात हे खरं असेलही. पण ती नजर आता कासवीची नाही, आपली हवी.