पोटभर म्हणजे किती?

निपाणीकडील एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. त्यांची ३६ वर्षांची मुलगी शाळेत शिक्षिका आहे. उंची ५ फूट २ इंच आणि वजन ११२ किलो. तिला मधुमेह आहे, जिना चढताना गुडघे दुखतात, रात्री झोपेत श्वास अडकून ती दचकून उठते. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचविली असून मुलीने होकार दिला आहे. मातेचे मन मात्र थाऱ्यावर नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. देवाने दिलेले धडधाकट जठर कापून टाकणे धर्माला संमत आहे काय? शस्त्रक्रियेनंतर मुलीचे आयुष्य कसे असेल? आणि तिसरा प्रश्न पत्राच्या अगदी अखेरीस, एकाच ओळीत आहे : माझी लेक पुन्हा कधीच पोटभर जेवणार नाही काय?

आजकाल हे प्रश्न पुष्कळ घरांतून विचारले जात आहेत. म्हणून त्या भगिनीच्या अनुमतीने त्यांचे उत्तर ह्या सदरातून देत आहे. औषधोपचाराच्या बाबतीत अखेरचा शब्द अर्थातच मुलीच्या डॉक्टरांचा.

पहिल्या प्रश्नाच्या आड बहुधा एक दुसराच प्रश्न दडलेला असतो. हे सारे खादाडपणाचे फळ नव्हे काय? आणि पापाचे फळ सुरीने कापून कसे चालेल? वाचकहो, खादाडपणाची गणना सात प्रमुख पापांत होते हे खरे. परंतु पाप इच्छेत वसते, चरबीत नव्हे. अंगाचे वजन आनुवंशिकता, ग्रंथींचे स्राव, काही औषधे, अपुरी झोप, बैठे काम, मनावरील ताण अशा अनेक कारणांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानते. एखादा सडपातळ मनुष्य खादाड असू शकतो आणि एखादा स्थूल मनुष्य संयमी असू शकतो. ख्रिस्तसभेचे थोर आचार्य संत थॉमस अक्वायनस हे स्वतः स्थूल देहाचे होते, अशी परंपराच आहे. तेव्हा चर्चच्या दारात कोणाच्या देहाकडे पाहून त्याच्या आत्म्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.

ह्याच संत थॉमस यांनी तेराव्या शतकात शिकविले की, अवयव हा संपूर्ण देहाच्या हितासाठी असतो. म्हणून देहाच्या रक्षणासाठी, त्या मनुष्याच्या संमतीने, अवयव कापणे योग्य ठरते. पोप बारावे पायस यांनी १४ सप्टेंबर १९५२ रोजी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे केलेल्या भाषणात हेच तत्त्व विशद केले. मात्र त्याला अटी आहेत. खरी गरज हवी, लाभ धोक्याहून मोठा हवा आणि रोग्याने समजून-उमजून संमती दिलेली हवी. केवळ लग्नात सुंदर दिसावे म्हणून ही शस्त्रक्रिया करणे सर्वस्वी गैर होय. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बी. एम. आय. म्हणतात. ह्या क्षेत्रातील शल्यचिकित्सकांच्या जागतिक संघटनांनी २०२२ साली ३५ पासून पुढे शस्त्रक्रियेची शिफारस केली. आशियाई लोकांत तर २७.५ पासूनच तिचा विचार करावा असे सांगितले. आपल्या शिक्षिकेचा आकडा ४५ च्या घरात जातो. तेव्हा त्या मातेने ह्या बाबतीत मन निःशंक ठेवावे.

आता दुसरा प्रश्न. ह्या शस्त्रक्रियेविषयी लोकांच्या मनात वर्तमानपत्रांतून आलेली दोन चित्रे असतात. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते पुन्हा धडाडीने कामाला लागले, हे एक. दुसरे इजिप्तमधील त्या महिलेचे. ती सुमारे ५०० किलो वजनाची असल्याचे सांगितले जात होते. २०१७ साली तिला विमानाने मुंबईस आणून तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिचे वजन पुष्कळ उतरले, परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबी येथे तिचा मृत्यू झाला. तिला कितीतरी जुने आजार होते. पहिल्या चित्रावरून शस्त्रक्रियेला चमत्कार समजू नये आणि दुसऱ्यावरून तिला मरणाचे दार समजू नये. अनुभवी हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेत जिवाचा धोका हजारात एखाद-दुसऱ्यालाच संभवतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे ४,००० स्थूल व्यक्तींची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून कमी होते.

ह्या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराचा वरचा एक छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, तो बायपास. बायपासचा आरंभ अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केला. दोहोंतही केवळ जागा कमी होते असे नाही, तर भूक चेतविणारे स्रावही बदलतात. म्हणूनच पुष्कळ रोग्यांना प्रारंभीच्या महिन्यांत भूकच लागत नाही. आईला ह्याची भीती वाटेल. परंतु ही गोष्ट अपेक्षितच आहे.

दुर्बिणीने, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून हे काम एक-दोन तासांत होते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याच सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्याला चालवितात. दोन-तीन दिवसांत घरी जाता येते; बैठे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होते; पाण्याची कळशी किंवा धान्याचे पोते मात्र दीड महिना उचलू नये. घरी आल्यावर ताप, नाडीची धडधड, पोटात असह्य दुखणे, धाप, पोटरीला सूज किंवा न थांबणारी उलटी ह्यांपैकी काहीही दिसले तर "सकाळी बघू" म्हणू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आहार पायरीपायरीने वाढतो. पहिले सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ : वरणाचे पाणी, ताक, गाळलेले सूप. पुढील दोन आठवडे घुसळलेले, मऊ अन्न. मग मऊ शिजवलेली डाळ, अंडे, मासे, पनीर. आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण. भाकरीचा तुकडा घशात अडकल्यासारखा वाटेल, म्हणून तो आमटीत भिजवून, बारीक चावून खावा. जेवण वीस-पंचवीस मिनिटे चालावे. जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने घोट-घोट प्यावे आणि दिवसाकाठी दीड-दोन लिटर पोटात जाईल असे पाहावे. डाळ, उसळ, अंडे, मासा आधी, भात शेवटी. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. कुंदा, करदंट, नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल ह्यांपासून विशेष जपावे. बायपास झालेल्याने गोड खाल्ले की ते झपाट्याने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर व जुलाब यांनी तो अंथरुणावर पडतो.

वजन पहिल्या वर्षात भराभर उतरते. दीड वर्षाच्या सुमारास ते मूळ वजनाच्या चौथ्या हिश्शाने ते तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी झालेले असते. पुढे थोडे परतही येते. मधुमेहाची औषधे लवकरच कमी करावी लागतात, परंतु ती डॉक्टरांनी; आपल्या मनाने नव्हे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. कातडी सैल पडते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ ही आयुष्यभर घ्यावयाची असतात. वजन उतरले, आता गोळ्या कशाला, असे म्हणणाऱ्याची हाडे व मज्जातंतू काही वर्षांनी त्याचा हिशेब मागतात. विवाहित स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, असेही डॉक्टर सांगतात. पतिपत्नींनी त्याविषयी आधीच बोलावे. निपाणी हा तंबाखूचा मुलूख. येथे हे सांगणे अवश्य आहे की, ह्या शस्त्रक्रियेनंतर तंबाखूने जठराला जखमा होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्याही विचारल्यावाचून घेऊ नयेत. आणि आपल्या सणासमारंभांना ज्याचे वावडे नाही त्या मद्याविषयी तर अधिकच सावध राहावे. बायपासनंतर ते फार वेगाने रक्तात भिनते. दुसऱ्या वर्षापासून काही रोगी मद्याच्या आहारी जातात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. अन्नात शोधलेले सांत्वन मग पेल्यात शोधले जाते.

येथे आपण मनाच्या प्रश्नाशी येतो. पुष्कळांनी वर्षानुवर्षे दुःख, एकटेपणा, अपमान हे सारे अन्नाबरोबर गिळलेले असते. शल्यचिकित्सक जठर लहान करतो. दुःख लहान करणे त्याच्या हाती नसते. आरशात नवा देह दिसतो, पण मनात जुनाच राहतो. काहींना खिन्नता ग्रासते, क्वचित जीव नकोसा होतो. अशा वेळी "आता तर बारीक झालीस, रडतेस कशाला?" असे बोलू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण नव्हे. निपाणीहून बेळगाव किंवा कोल्हापूर काही दूर नाही. पहिल्या वर्षातील तपासण्या आणि पुढे वर्षाला एक तपासणी कधीही चुकवू नये. सोबतीला घरचे कोणीतरी जावे.

कारण शस्त्रक्रिया एकीची होते, पण पथ्य साऱ्या घराला लागते. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे रूप मानले जाते. "आणखी एक भाकर घे, माझ्या गळ्याची शपथ" असे म्हटल्यावाचून पाहुणचार पुरा होत नाही. चार घासांनी जिचे पोट भरते तिला पाचव्या घासाचा आग्रह करणे म्हणजे तिला उलटीच्या दाराशी नेणे होय. ज्या मातेने छत्तीस वर्षे वाढण्यातूनच माया केली, तिला वाढपाचा हात आखडणे किती जड जाईल, हे मी जाणतो. तथापि तिने तो आखडावा. ताटाऐवजी बशी मांडावी, पण ती सर्वांच्या पंक्तीतच मांडावी. मुलीला स्वयंपाकघरात एकटीला बसवू नये. सायंकाळी तिच्याबरोबर अर्धा तास चालावयास जावे. लग्नघरी कोणी "एवढेच खातेस?" असे विचारले, तर उत्तर आईने द्यावे, मुलीला द्यावयास लावू नये. आणि तिच्या शस्त्रक्रियेची वार्ता कोणाला सांगावयाची, हे तिचे तिने ठरवावे.

उपवासाविषयीही थोडे सांगतो. १९८३ च्या धर्मनियमसंहितेनुसार उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत असते. परंतु आजाऱ्याला ते नाही. शस्त्रक्रियेतून सावरत असलेल्या व्यक्तीने राखेच्या बुधवारी किंवा उत्तम शुक्रवारी आपले ठरलेले अन्न व औषध घ्यावे, हेच आज्ञापालन होय. परमप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवासही पाण्याने वा औषधाने मोडत नाही. आणि आजारी व्यक्तीला व तिची शुश्रूषा करणाऱ्यांना त्याचे बंधनच नाही. तोंड कोरडे पडून पवित्र भाकर गिळणे कठीण जात असेल, तर लहानसा तुकडा मागावा. संकोच करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाभ्यंगाचा संस्कारही घेता येतो. तो मरणोन्मुखांसाठीच असतो, हा समज सोडून द्यावा.

आता तो अखेरचा प्रश्न. माझी लेक पुन्हा पोटभर जेवणार नाही काय? भगिनी, ती जेवेल. इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना मिळाला, त्या वेळची गोष्ट आठवावी. कोणी अधिक गोळा केला, कोणी कमी. पण मापून पाहिले तेव्हा ज्याला जितका हवा होता तितकाच प्रत्येकाजवळ भरला, आणि हाव धरून उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडले. पोटभर ह्या शब्दाला एकच माप नाही. वाटीभर मऊ खिचडी आणि एक अंडे एवढ्याने आपल्या मुलीचे पोट भरेल, आणि ते खरोखरच भरलेले असेल. प्रभूने आपल्याला भाकर मागावयास शिकविले ते एका दिवसापुरती. तेवढ्या भाकरीवर ती वर्गात उभी राहून शिकवील, जिना चढेल, रात्री शांत झोपेल. ताट मोठे नसले तरी आई शेजारी बसलेली असावी, एवढीच तिची गरज असेल. आणि ती आपल्या हाती आहे.