सक्ती गेली, बचतीचे काय?

२०२५ या वर्षात पगारदार मध्यमवर्गाच्या हाती दोन वाटांनी पैसा आला. फेब्रुवारीतील अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. आणि २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर उतरल्याने साबण-टूथपेस्टपासून वातानुकूलन यंत्रापर्यंत अनेक वस्तूंवरील कराचा भार हलका झाला. दोन्ही निर्णयांमागील अपेक्षा उघड होती. हा पैसा बाजारात यावा, मागणी वाढावी आणि कारखान्यांची चाके फिरावीत. देशाच्या दृष्टीने ही अपेक्षा अवाजवी नाही. परंतु शिक्षक, कारकून वा लहान नोकरदार यांच्या घरापुरता विचार केला, तर एक प्रश्न शिल्लक राहतो. जो पैसा करसवलतीच्या लोभाने का होईना, पण दरवर्षी बाजूला पडत होता, तो आता कोणी बाजूला टाकायचा?

बचतीमागील दट्ट्या

पगारदार माणूस स्वभावतःच काटकसरी असतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याच्या काटकसरीमागे कायद्याचा दट्ट्या होता. १९७४ साली महागाई भडकली, तेव्हा वाढीव महागाईभत्त्याचा निम्मा भाग हाती न देता सक्तीने ठेवीत टाकण्याचा कायदाच केंद्र सरकारने केला. पुढे सक्तीची जागा प्रलोभनाने घेतली. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-सी या कलमाने अलीकडच्या काळात दीड लाख रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीवर वजावट मिळत असे. फेब्रुवारी उजाडला, की विम्याच्या हप्त्याच्या आणि पोस्टातील भरण्याच्या पावत्या जमवण्याची कचेऱ्या-कचेऱ्यांतून धांदल उडे. ती धांदल हास्यास्पद असेल. पण तिच्यातूनच अनेकांच्या मुलींची शिक्षणे झाली आणि घरांची पहिली रक्कम उभी राहिली. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. जुन्या प्रणालीचा पर्याय ठेवण्यात आला खरा. पण बारा लाखांच्या आतील बहुतेकांना त्याची गरज उरली नाही.

दट्ट्या निघाला त्याच काळात खर्चाची वाट कमालीची गुळगुळीत झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. खिशातून नोट काढताना हात किंचित अडखळत असे. भ्रमणध्वनीवर बोट टेकताना तो अडखळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अकरा टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास आली. यातील पहिले वर्ष टाळेबंदीचे, म्हणून अपवादात्मक होते. शिवाय काही कर्जे घरांसाठी घेतली गेली आणि घर ही मालमत्ताच आहे. तेव्हा ही सारी घसरण उधळपट्टीची मानणे अन्यायाचे होईल. तथापि, कर्जाचे ओझे वाढले आणि हाताशी असणारी शिल्लक आटली, हे नाकारता येणार नाही.

या बदलाची झळ सर्वांना सारखी नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही. मार्च २०२३ मधील कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर झाला. पुढे काही सुधारित पर्याय आले. पण तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक किंवा कंत्राटी लिपिक यांना त्यांचाही आधार नाही. बचतीची निकड ज्यांना सर्वाधिक, त्यांच्याच बचतीला आज कोणतेही बाह्य कुंपण उरलेले नाही.

आनंदाचे खाते

यावर ‘खरेदी बंद करा’ हा उपदेश निरर्थक आहे. दसऱ्याला तुळशीबागेत किंवा दादरच्या बाजारात फिरून घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी आणणे, हा वर्षभराच्या कष्टाचा न्याय्य मोबदला आहे. तो नाकारणारे अंदाजपत्रक दोन महिनेही टिकत नाही. प्रश्न खरेदी करावी की नाही हा नसून तिचा पैसा कोठून यावा, हा आहे.

जुन्या गृहिणींनी याचे उत्तर स्वयंपाकघरातील डब्यांत शोधले होते. दूधवाल्याचे पैसे एका डब्यात, सणाचे दुसऱ्यात. एकातले दुसऱ्यात जायचे नाही. माणूस मनातल्या मनात पैशाची अशी निरनिराळी खाती मांडतो, हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारे रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डबे गेले, तरी पद्धत बाद झालेली नाही. पगाराच्या दिवशीच ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत वा भविष्य निर्वाह निधीत परस्पर वळवावी. महिनाअखेर उरेल ते साठवू म्हटले, की काहीच उरत नाही. दरमहा दोन हजार रुपये सात टक्के दराने पंधरा वर्षे साठले, तर भरलेल्या तीन लाख साठ हजारांचे सुमारे सव्वासहा लाख होतात. महागाई त्यातील काही भाग खाईल. तरीही अडीअडचणीला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. सणासुदीच्या खरेदीसाठी दुसरे, वेगळे खाते असावे. आणि घरातील प्रत्येकाला थोडी रक्कम अशी मिळावी, की जिचा हिशेब कोणी विचारणार नाही.

‘विनाव्याज’ हप्त्यांचे मात्र गणित मांडून पाहावे. समजा, चोवीस हजारांची वस्तू दोन हजारांच्या बारा हप्त्यांत ‘बिनव्याजी’ मिळते आणि रोखीने तीच साडेबावीस हजारांना मिळते. दीड हजारांचा हा फरक म्हणजे वर्षाला बारा टक्के व्याजच होय. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर याहून घातक; तिच्यावरील व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकते.

सारेच बचत करू लागले, तर बाजार थंडावेल आणि अखेर बचतही घटेल, हा केन्सप्रणीत आक्षेप येथे कोणी घेईल. मंदीच्या काळात त्यात तथ्य आहे. पण साठवून केलेली खरेदीही खरेदीच असते. दुकानदाराचा गल्ला तिनेही भरतो. उलट हप्त्यांवरचा ग्राहक आज करतो ती उद्याची खरेदी असते, आणि उद्या त्याच्या पगारातून दुकानाआधी सावकाराचा वाटा जातो.

सरकारचेही येथे कर्तव्य आहे. हप्त्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण रक्कम शेजारी शेजारी छापणे बंधनकारक व्हावे. आणि ज्यांना निवृत्तिवेतन नाही, त्यांच्या अल्पबचतीला नव्या करप्रणालीतही काही उत्तेजन मिळावे. तोपर्यंत जे कुंपण कायद्याने काढून घेतले, ते ज्याने त्याने आपल्या घरी स्वतःच घातले पाहिजे. तसे केले, तर दिवाळीला आणलेल्या साडीचा आनंद पुढच्या दिवाळीपर्यंत हप्ते फेडण्यात विरून जाणार नाही.