शब्द कोणाचे, तेही सांगू या

बैहरमध्ये प्रार्थनासभेत आपण मनन वाचतो, त्यातले बरेचसे मोबाईलवर आलेले असते. दोनचार शब्द बदलले म्हणून ते आपले होते, असे आम्हांला वाटत नाही. विचार दुसऱ्याचाच राहतो. अथेन्समध्ये अरीयपगावर पौलाने ग्रीक कवीचे शब्द घेतले, ते ऐकणाऱ्यांच्याच कवींचे आहेत हे सांगून (प्रेषितांची कृत्ये १७:२८). तेही मूर्तिपूजक कवीचे!

लेखक ठाऊक नसेल तर? तरुण मंडळी हे हमखास विचारतात. इब्री २:६ पाहा. आठव्या स्तोत्रातल्या ओळी देताना पत्रलेखक कोणाचेही नाव घेत नाही. कोणीतरी कुठेतरी असे म्हटले आहे, एवढेच सांगतो. तरी शब्द त्याचे स्वतःचे नव्हेत, हे कळते. आपल्या वहीत मननाखाली नाव लिहावे. नाव मिळाले नाही, तर 'वाचलेले' एवढे तरी.