पाखरांच्या वाटणीचा गुंठा



गौरी-गणपती आटोपले, मूग-उडीद खळ्यावर आला आणि रब्बीच्या रानात कुळव फिरू लागला. या आठवड्यात ज्वारीच्या बीजप्रक्रियेवर लिहायचे ठरवले होते. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचे पत्र आले आणि बीजप्रक्रिया पुढे ढकलावी लागली.

ताई लिहितात, "गेल्या साली आमची दोन एकर ज्वारी पाखरांनी हुरड्यातच साफ केली. शेजारीपाजारी सगळा ऊस, ज्वारी फक्त आमचीच. औंदा मालक म्हणतात, दाण्याला औषध चोळून बांधावर टाकू. घरात दोन लहान लेकरं आहेत, दारात कोंबड्या आहेत. मला भीती वाटते. मालक तुमचं लिखाण वाचतात, तेव्हा तुम्हीच काहीतरी लिहा."

ताई, हे पान मालकांच्या हाती द्या. आणि मालक, तुमच्यावर रागावून मी हे लिहीत नाही. दोन एकर पीक डोळ्यांदेखत जाते तेव्हा माणसाच्या मनात काय येते ते मला ठाऊक आहे. पण विषाचा दाणा बांधावर टाकला की तो बांधावरच राहील याची हमी कोण देणार? कोंबडी खाईल, होला खाईल, मेलेला होला कुत्रे खाईल आणि उरलेली पुडी घराच्या फळीवर राहील. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेले आणि २३ मुले दगावली. शिवाय पाखरांना विष घालणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. पण कायद्याच्या धाकाने नको, लेकरांकडे बघून तो विचार सोडा.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. हरभऱ्यावर घाटेअळी फार होती, म्हणून मी एका शेतकऱ्याला हेच मोनोक्रोटोफॉस फवारायला सांगितले. त्या वेळी सगळेच सांगत. तिसऱ्या दिवशी त्याच्या रानात गेलो तर त्याची म्हातारी आई पाटी घेऊन समोर आली. पाटीत सात-आठ कोतवाल मरून पडलेले. औषधाने लुळ्या पडलेल्या अळ्या त्यांनी टिपल्या होत्या. म्हातारी एवढेच म्हणाली, "सायेब, यांनी तर अळीच खाल्ली हुती." मला उत्तर देता आले नाही. या औषधाच्या भाजीपाल्यावरील वापराला २००५ साली बंदी आली. पाटीतली ती पाखरे मात्र अजून आठवतात.

मालक म्हणतील, कोतवालाचे ठीक आहे, दाणे खाणाऱ्या चिमणीचे काय? तर ऐका. चिमणी आणि सुगरण स्वतः दाणा खातात, पण पिलांच्या चोचीत अळ्या आणि किडे भरवतात. सुगरणीची घरटी पावसाळ्यात लागतात, म्हणजे आपल्या खरिपात कीड असते तेव्हाच. नांगरामागून चालणारा गायबगळा आणि साळुंकी हुमणी वेचतात ते तर तुम्ही रोजच पाहता. म्हणजे पाखरू सालभर राबते आणि पौष-माघात मजुरी मागते. ती मजुरी कोठून द्यायची एवढाच प्रश्न आहे.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. सगळे शिवार ज्वारीचे असायचे, त्यामुळे पाखरांचा हिस्सा शंभर घरांत वाटला जाई. चार कणसे रानात उभी सोडली जात, एक जुडी ओसरीच्या वाशाला टांगली जाई, आणि कुणाला काही कमी पडत नसे. आता ज्वारी उरली एकट्याची आणि सगळ्या शिवाराची पाखरे त्याच्याच रानात उतरतात. पाखरे वाढलेली नाहीत, त्यांचे ताट आकसले आहे.

म्हणून माझे सांगणे असे, की दोन एकरांसाठी दोन गुंठे रान पाखरांच्या नावाने पेरा. हसू नका. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात सूर्यफुलावर काळी पाखरे थव्यांनी पडतात. तिथे सरकारी खात्याने पाखरांसाठी वेगळे तुकडे पेरून पाहिले आहेत. आपण हिशेब मांडून पाहू. कोरडवाहू ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल आली तर गुंठ्याला दहा-बारा किलो पडते. चिमणीएवढे पाखरू दिवसाला पाचएक ग्रॅम दाणा खाते. म्हणजे एका गुंठ्यावर शंभर पाखरे वीस दिवस जगतात. तुमचे नुकसान वीस-बावीस किलोंचे. गेल्या साली किती गेले ते तुम्हीच आठवा.

जागा निवडताना घाई करू नका, इथेच माणसे चुकतात. वाफा ज्वारीला खेटून नको, त्याने उलट आमंत्रण दिल्यासारखे होईल. ओढ्याकाठची किंवा बांधावरची बाभूळ, जिथे पाखरे मुक्कामाला असतात, तिच्याजवळचा तुकडा घ्या. पिकापासून निदान पन्नास-साठ पावले लांब. पाखरू झाडावरून उतरले की आधी तिथेच टेकले पाहिजे.

मूग-उडदाचे मोकळे झालेले रान असेल तर नांगरट लागत नाही. कुळवाच्या दोन पाळ्या उभ्या-आडव्या द्या आणि धसकटे वेचा. गुंठ्याला चार-पाच पाट्या चांगले कुजलेले शेणखत पसरून शेवटच्या पाळीबरोबर मातीत मिसळा. ढेकळे मात्र राहू देऊ नका. राळ्याचे बी मोहरीसारखे बारीक, ढेकळाखाली गेले की वर येत नाही. ढेकळे असतील तर फळी फिरवा.

निम्म्या रानात राळा, निम्म्यात बाजरी पेरा. राळा मुनिया आणि चिमणीला आवडतो, बाजरी सगळ्यांनाच. राळ्याचे बी गुंठ्याला शंभर ग्रॅम पुरते, बाजरीचे चाळीस ग्रॅम. बारीक वाळूत मिसळून पेरा, म्हणजे सारखे पडते. राळ्याच्या दोन ओळींत एक फूट अंतर ठेवा, बाजरीच्या दीड फूट. बी बोटाच्या एका पेराहून खोल जाऊ देऊ नका. वापसा धरून पेरा; हस्ताचा पाऊस लागला तर पुढे पाण्याची फारशी चिंता नाही.

पेरणी एकदम उरकू नका. ज्वारी पेराल त्याच आठवड्यात निम्मा वाफा पेरा, उरलेला पंधरा दिवसांनी. राळा आणि बाजरी ज्वारीच्या आधी पोसतात. तुमची ज्वारी चिकात येईल तेव्हा पहिल्या पेऱ्याची कणसे तयार असतील आणि ती सरता सरता दुसरा पेरा हाती येईल. दाणा एकाच वेळी येऊन संपला तर पाखरे उठून ज्वारीत जातील, मग म्हणाल साहेबांनी फसवले.

बी घरचेच घ्या. पिशवीतले रंगीत बी औषध लावलेले असते, ते या वाफ्यात मुळीच नको. पंधराव्या दिवशी विरळणी, महिन्याने एक खुरपणी. फवारणी करायची नाही. एका पसरट खापरात पाणी ठेवा, त्यात दगड टाका म्हणजे बारकी पाखरे बुडत नाहीत. हे काम पोरांकडे द्या, त्यांना आवडते.

आता राखणीचे. वाफा पेरला म्हणून माळा मोडू नका. ज्वारीत गोफण फिरली पाहिजे, आरोळी उठली पाहिजे. वाफ्याकडे मात्र खडासुद्धा जाता कामा नये. नुसती राखण केली तर उठलेले पाखरू घटकाभराने तिथेच परत येते, कारण त्याला दुसरीकडे खायला नसते. नुसता वाफा पेरला तर ते दोन्हीकडे खाते. दोन्ही मिळून केले तर चार-सहा दिवसांत थवा वाट शिकतो. काही दाणा तरी जाईलच, तो मनात धरून चाला. पोपटापुढे हा वाफा कमी पडतो. तो खातो त्याहून जास्त तोडतो. पोपटाचा थवा असेल तिथे सकाळ-संध्याकाळ माणूसच उभा हवा.

जंगलाला लागून रान असणाऱ्यांनी माझे हे लिखाण जपून वाचावे. तिथे रानडुकरे येतात, आणि त्यांच्यासाठी मका किंवा भुईमूग वेगळा पेरणे म्हणजे त्यांना घर दाखवणे. हा सल्ला फक्त पाखरांपुरता आहे.

जाता जाता हरभरेवाल्यांसाठी. पेरताना एकरी मूठभर ज्वारी रानात तुरळक टोका. हरभऱ्याच्या वर ताटे येतात, त्यांवर कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि खालच्या घाटेअळ्या उचलतात. काठ्या रोवायची मेहनत वाचते. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसू लागल्या तर मात्र पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, पाखरांच्या भरवशावर बसू नका.

ताई, मालक काय म्हणाले ते कळवा. राळ्याचे बी तुमच्या बाजूला मिळाले नाही तर दोन्ही भागांत बाजरी पेरली तरी चालेल. आणलेली औषधाची पुडी घरात असेल तर ती आजच दुकानदाराला परत करा, पैसे मिळाले नाहीत तरी. संक्रांतीच्या सुमारास मला एक पत्र टाका, कणसे किती उरली ते लिहा.

पुढच्या आठवड्यात राहिलेली बीजप्रक्रिया आणि खोडमाशी.