विशेषणं खोडा, टाका दाखवा
बिसा बटलर यांच्यासारख्या आजच्या गोधडीकार कलावतीवरचा विश्वकोशातला लेख सुधारायला बसणाऱ्याने आधी ‘अप्रतिम’, ‘अद्वितीय’ असले शब्द खोडावेत. ते गॅलरीच्या पत्रकात शोभतात. न्यू जर्सीतला १९७३ सालचा जन्म, हॉवर्ड विद्यापीठातलं शिक्षण, शाळेतली कलाशिक्षिकेची नोकरी हे दोन ओळींत आटपतं. जागा द्यायची ती कामाला. २०१८ची ‘द सेफ्टी पॅट्रोल’ ही गोधडी बघा. चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस यांच्या १९४७च्या कृष्णधवल छायाचित्रातली शाळकरी मुलं इथे कापडात उतरली आहेत, आणि सगळ्यांत पुढचा मुलगा बाकीच्यांना अडवून हात पसरून उभा आहे. बटलर चेहऱ्यांना तपकिरी कापड लावून मोकळ्या होत नाहीत. जांभळे, निळे, लाल तुकडे एकावर एक बसवून त्या गालांचा उजेड आणि हनुवटीखालची सावली साधतात, वर शिलाई मारतात. हे वर्णन नसेल तर लेख अपुराच. ही गोधडी आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आहे. तिथेच २०२०-२१मध्ये बटलर यांचं स्वतंत्र प्रदर्शनही झालं. संदर्भ द्यायचे ते संग्रहालयाच्या नोंदींचे आणि स्वतंत्र समीक्षेचे. कलावतीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उचललेलं प्रत्येक कौतुक संपादकांनी निःसंकोच काढून टाकावं.