भिशीची वही आणि विजेचा मीटर

मीटर, दारावरचा कॅमेरा, टीव्ही अशी इंटरनेटला जोडलेली उपकरणं आता घरोघरी आली आहेत. त्यांच्या नोंदी 'ब्लॉकचेन'मध्ये ठेवल्या की काळजी मिटली, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

ब्लॉकचेन म्हणजे काय? आपली भिशीच घ्या ना! हिशेबाची वही एकीकडेच न ठेवता प्रत्येकीनं तीच वही आपल्या घरी ठेवली, तर एकीनं आकडा खोडला तरी बाकीच्या वह्या तिची लबाडी उघडी पाडतात. शिवाय प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असतो. हा ठसा, म्हणजे 'हॅश', गणितानं काढतात. मजकुरात एक काना जरी बदलला, तरी सारा ठसा बदलतो. ठशावरून मजकूर मात्र उलगडत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २०१६ साली अशा वहीवर विजेचा व्यवहार झाला. एका घराच्या छपरावरची जादा सौर वीज शेजाऱ्यानं विकत घेतली. आपण वाटीभर साखर देतो-घेतो, तशी वीज!

पण मैत्रिणींनो, मीटरचे तासातासाचे आकडे पाहून घर कधी उठतं, गीझर कधी लागतो, दाराला कुलूप कधी असतं, हे कुणीही ओळखील. या वहीतलं पान फाडता येत नाही, हा तिचा गुण खरा. पण घरातली गोष्ट एकदा तिच्यात गेली की तीही पुसता येत नाही.

म्हणून आकडा घरीच ठेवावा, वहीत फक्त ठसा द्यावा. तेवढ्यानंही भागत नाही. मीटरचे आकडे ते किती! एकेकाचा ठसा काढून कुणीही जुळवून पाहील. म्हणून ठसा काढण्याआधी आकड्यात एक मोठी गुप्त संख्या मिसळतात. अशा मिसळीला या शास्त्रात 'सॉल्ट', म्हणजे चक्क मीठच म्हणतात! हे मीठ मात्र कुणाला सांगायचं नसतं.

आकडा कुणाला पाठवायचाच झाला, तर तो कुलूपबंद करून पाठवावा. छोट्या उपकरणांना जड कुलूप पेलत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं २०२३ साली 'ॲस्कॉन' ही हलकी पद्धत निवडली.

आता घरी करायच्या गोष्टी:

• कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमनं असेच ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि इतर उपकरणं ताब्यात घेतली होती. परक्याच्या ताब्यातलं उपकरण वहीत खोटं लिहील, आणि ते खोटंही कायमचं राहील.

• खरेदीआधी दुकानदाराला विचारा: वहीत आकडा जातो की नुसता ठसा? आणि कुलपाची किल्ली कुणाकडे?

• कंपनीकडून येणारी सुधारणा, म्हणजे 'अपडेट', टाळू नका.

दागिन्यांच्या कपाटाची किल्ली आपण कमरेला लावतो. घरच्या दिनक्रमाची किल्लीही तितकीच जपायला हवी, नाही का?